एक सूत

मनालीहून आल्या त्या पाट्या,
बर्फावरच्या गाडीच्या, वापरलेल्या,
नारिंगी, नाकाशी वर वळलेल्या.
सावद्याच्या ट्रान्सपोर्टला पोत्यात गुंडाळून
चार दिवस पडून होत्या.
हमाल म्हणाला, शाळेची घसरगुंडी आली का?

आमच्याकडे गारा म्हणजे चिखल.
आकाशातून पडतात त्या पुस्तकातल्या.
लीलाधर झोप्यांच्या केळीत भादव्यात असा गारा
की घड वाहायचं त्यांचं गाडं
दर सरीत एकदा पोटावर बसायचं.
पुढची चाकं काढू, फिरकेकाका म्हणाले,
पाट्या लावू. मांगे खाचेचे टायर राहू दे.
गारा काय न् बर्फ काय,
रुतणाऱ्याले दोन्ही सारखेच.

काका अठरा वर्षं फौजेत, उंचावर, गाड्या दुरुस्त करायला.
उघड्या हातानं पाना धरला की कातडी पान्याला जाते,
तिथलं एवढंच सांगतात.
इथे मे महिन्यात तोच पाना
मला फडक्यात धरावा लागतो.

पाटीचं भोक बाराचं, आमचा बोल्ट दहाचा.
मी लेथवर नायलॉनचा बुश काढला.
पहिला सैल. दुसरा इतका घट्ट
की पाटी मानच हलवेना.
तिसऱ्यावर काकांनी फुंकर मारली, म्हणजे पास.
(आयटीआयला फुंकरीचे मार्क नसतात.)
मधे रबराचा ठोकळा, जाड बाजू मागे.
उलटा बसला तर पाटी नाक खुपसते
डुकरागत.

मग हँडल सरळ बांधून
मागच्या चाकापासून पुढे सुतळी ताणली.
एक टोक काकांकडे, एक माझ्याकडे.
"पुढून एक सूत जास्त ठेव."
अगदी समांतर का नको?
"समांतर ठेवल्या की भांडतात दोघी. गाडी सापासारखी जाते.
जरा तोंड फिरवून ऱ्हायल्या, की नांदतात."
चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या,
मले ऐकू येतं.

पहिल्या फेरीत गाडं डावीकडे ओढलं.
पुन्हा सुतळी, पुन्हा एक सूत, पुन्हा डावीकडे,
थेट ठिबकच्या नळीवर.
लीलाधरभाऊंनी घड्याळ पाहिलं.
बांधावर कापलेले घड, ट्रक पाचला.

मी बराच वेळ गाड्याकडे बघत बसले.
काका, आपण मोजतोय ती रिकामी गाडी.
वजन बसलं की स्प्रिंग दबतो,
पाट्यांची तोंडं आत वळतात.

काका काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, तिथं लांबाले बसवायचो.
कपड्यांसकट सव्वाशे किलो.
खिशात शेंगदाणे घेऊन चढायचा,
म्हणायचा, मी या गाडीचा पार्ट आहे, यादीत लिहा.
मी विसरलोच. लांबा लागतो.

मी चव्वेचाळीस किलो.
म्हणून मी आणि चार घड, मांडीवर पाचवा,
चीक ओढणीवर, तो आता जायचा नाही.
काका खाली, ओल्या मातीत पाठीवर.
मला फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या.
सुतळी ताणली गेली.
पाट्या आत आल्या होत्या, दोन सूत.

खालून आवाज आला,
"लांबा, हिलना मत."

मी हलले नाही.
मांडीवरच्या घडावर मुंगी होती,
ती मनगटावर आली, कोपरापर्यंत गेली.
खाली नट फिरत होता, पाव, अजून पाव.
मी श्वाससुद्धा हळूच सोडला.

मग गाडं सरीतून गेलं, अठरा घडांसकट,
शेवटाला वळलं,
चुलीवरच्या तव्यातून डोसा सुटावा तसं सुटत.
मागे दोन रेघा, काळ्या, ओल्या, चकचकीत.

लीलाधरभाऊ पैसे मोजायला लागले.
काका रेघेपाशी उकिडवे बसले,
तिच्यात बोट ठेवलं, एक डोळा मिटला.
उजवी अजून अर्धं सूत, म्हणाले.
चालतंय ना पण, भाऊ म्हणाले.
चालतं,
काका म्हणाले, आणि मागे न बघता
हात मागे केला.

मी सतराचा दिला.